कंपनीनं समोर बसायचं

४ जानेवारी

कारखान्याच्या शेतकी खात्यात होतो तेव्हा रोज संध्याकाळी अहवाल लिहायचा असे. कुणाच्या उसाची नोंद घेतली, कुणाला तोडणीची टोळी मिळाली, कोण आमच्याकडं नोंद करून गुपचूप दुसऱ्या कारखान्याला ऊस घालायच्या विचारात आहे. निवृत्त झाल्यापासून अहवाल मागणारं कुणी उरलं नाही, पण दिवेलागणीला हात आपोआप पेन शोधतो. म्हणून आजपासून माझा अहवाल मलाच. लिहिण्यासारखंही घडलं आहे. मी कंपनी काढली.

कंपनी गाण्यांची आहे. नाव 'गोडवा म्युझिक'. माझा भाचा ऋषिराज इस्लामपुरात लग्नांचं शूटिंग करतो. त्याच्याकडं माइक आहेत, कॅमेरे आहेत आणि गाळ्याच्या भिंतींना फोम चिकटवून केलेला स्टुडिओ आहे. तांत्रिक बाजू तो बघणार, बाकी सगळं मी. बाकी सगळं म्हणजे नेमकं काय, असं राजेश्वरीनं विचारलं. व्यवस्थापन हे डोळ्यांना दिसणारं काम नसतं, त्यामुळं बायकोला समजावणं अवघड जातं.

या सगळ्याला कारण बनाबाई. पूर्वेकडच्या धनगरांनी दरवर्षीप्रमाणं आमच्या मोकळ्या रानात मेंढरं बसवली होती. चार दिवस मेंढरं बसली की त्या रानाला वेगळं खत लागत नाही. मेंढरं कुठल्या कोपऱ्यात आहेत ते बघायला मी दुपारी गेलो, तर ही साठीची बाई लिंबाखाली बसून ओव्या गात होती आणि तिचा दीर बिराप्पा ढोल वाजवत मागून ओळ धरत होता. मी बांधावर उभा राहिलो तो राजेश्वरी शोधत येईपर्यंत. ऋषिराजला मोबाईलवर ऐकवलं. तो म्हणाला, "मामा, हा आवाज आपण नाही धरला तर पुण्याचं कोणीतरी धरणार."

चांगला ऊस बिननोंदीचा उभा आहे म्हटलं की मला अन्न गोड लागत नाही.

९ जानेवारी

बनाबाईच्या वाडीवर जाऊन आलो. कवठे महांकाळच्या पलीकडं, डांबर संपल्यावरही बरंच पुढं. ऋषिराजनं इंटरनेटवरून करार काढून मोबाईलकडूनच त्याचं मराठी करून घेतलं होतं. मी बिरोबाच्या देवळासमोर सगळ्यांना बसवून तो मोठ्यानं वाचला. "कलाकाराचा आवाज पृथ्वीवर तसेच संपूर्ण ब्रह्मांडात कंपनीच्या मालकीचा राहील," इथं बिराप्पानं हात वर केला.

"ब्रम्हांडात म्हंजी द्येवाकडं गेल्यावरबी?"

मी म्हणालो, ही कायद्याची भाषा आहे. त्यावर बनाबाईनं कागद घेतला, उलटासुलटा बघितला आणि परत दिला.

"ह्ये नगो. कागुद पावसात भिजतोय, न्हाईतर शेरडू खातंय. मी बेलभंडारा उचलते."

मला इतका आनंद झाला की तो लपवायला खोकावं लागलं. सगळ्या नोकरीत सही करून फिरलेले शेतकरी मी पोत्यानं बघितले आहेत. पण बेल आणि भंडारा हातात घेऊन देवासमोर दिलेला शब्द धनगर मोडत नाही. असली नोंद कुठल्या कारखान्याला मिळाली नसेल. शब्द मीच सांगितले, म्हणजे पळवाट राहायला नको: "गोडवा कंपनीशिवाय मी कुणासाठी गाणार नाही."

"कुनासाठीच न्हाई?" तिनं विचारलं.

"कुणासाठीच नाही."

"बगा बरं का."

"बघितलं."

बिराप्पा म्हणायला लागला, "आवं सायेब, जरा माजं—" पण करार चालू असताना तिसऱ्यानं बोलू नये, हे मी त्याला नीट शब्दांत सांगितलं. तिनं शपथ घेतली आणि उरलेला भंडारा माझ्या कपाळाला फासला. घरी आलो तर राजेश्वरी दारातच म्हणाली, "हळद लावून आलाय. लग्न-बिग्न लावून आलाय का काय?"

करार पक्का झाल्याचं मी तिला समजावून सांगितलं.

२० जानेवारी

ध्वनिमुद्रण झालं. बनाबाईनं एसी बंद करायला लावला आणि कानावरचे हेडफोन काढून ठेवले. "कानात बोळं घालून कसं गायाचं?" मग काचेपलीकडच्या ऋषिराजकडं बघत ती गप्प बसून राहिली. तिचं म्हणणं, ओवी कुणाला तरी सांगायची असते, भिंतीला सांगत नाहीत. शेवटी मला तिच्यासमोर स्टुलावर बसवलं. तेव्हा कुठं गाणं सुरू झालं.

सुरू झालं ते थांबेना. ऋषिराजनं काचेवर बोट आपटून तीन मिनिटांची खूण केली, तर ती म्हणाली, "तीन मिंटात द्येव जल्मतबी न्हाई." जेवणाची वेळ टळली, ऋषिराजचं मेमरी कार्ड भरलं, बिराप्पाचा हात सुजला. मी स्टुलावर. पाठ आखडली, पण कंपनीचा मालक म्हणून ऐकणं भाग होतं. बिरोबाची आई रानात एकटी पडते तिथं माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं. स्टुडिओत फोमची धूळ फार आहे.

ऋषिराजनं त्यातली तीन मिनिटं काढली. मी म्हणालो, बरोबर आहे, उसाचंही शेंड्याकडचं वाढं तोडून जनावरांना घालतात, कारखान्याला मधलं कांडंच जातं.

३ फेब्रुवारी

गाणं लाखाच्या वर लोकांनी बघितलं. दुबईतून एकानं लिहिलं आहे की त्याला घरची आठवण आली. कारखान्याच्या चौकातल्या चहाच्या टपरीवर जुने सहकारी आता मला खुर्ची देतात. एक जण म्हणाला, नाथाजीराव, तुम्ही उसात फुकट गेला.

दुसरी आनंदाची बातमी अशी की बनाबाई शब्दाला जागते आहे. बिराप्पाचा फोन होता, त्याच्या नातीचं बारसं झालं आणि बनाबाईनं पाळणा म्हटला नाही. कुणी आग्रह केला तर ओठांवर बोट ठेवून दाखवते म्हणे. मी बिराप्पाला म्हणालो, माझं अभिनंदन तिला कळवा. फोन लगेच कट झाला. रेंज नसावी.

११ फेब्रुवारी

वाडीवरून माणसं आली होती. सात-आठ जण, फेटे बांधून, गंभीर चेहऱ्यानं. मला वाटलं सत्कार असेल. राजेश्वरीनं पोहे टाकले.

बिराप्पानं सांगितलं की बनाबाई सगळ्यालाच गप्प झाली आहे. बारसं नाही, जावळ नाही, देवळातली रविवारची ओवी नाही. परवा तिच्या सुनेनं रडणाऱ्या पोराला तिच्या मांडीवर दिलं, तर तिनं त्याला नुसतं हलवलं. पोरगं आणखी रडलं.

मी म्हणालो, "अहो, घरातलं पोर झोपवायला कंपनीची काय हरकत असणार?"

"तुमीच म्हनला न्हवं, कुनासाठीच न्हाई?"

"मग आता काय करायचं?"

बिराप्पानं फेटा सारखा केला. "ती म्हनती, कंपनी म्होरं बसली तर गानं कंपनीसाठीच हुतंय. शपथ मोडत न्हाई. नातीचं बारसं आमी परत घालतोय. तुमी या."

बारसं परत घालता येतं हे मला माहीत नव्हतं. कंपनीच्या कलाकारावर लोक नाराज राहिले तर पुढच्या गाण्याला फटका बसेल, असा व्यावसायिक विचार करून मी हो म्हणालो. जाताना बिराप्पा म्हणाला, येताच आहात तर ढोल दुरुस्तीला मिरजेत दिलेत, तेवढे गाडीत घालून आणा.

१५ फेब्रुवारी

बारशाला जाऊन आलो. मला पाळण्याच्या अगदी समोर घोंगडं टाकून बसवलं. सगळ्या बायका आणि मी. बनाबाई माझ्या डोळ्यांत बघून पाळणा म्हणत होती आणि पोरीचं नाव माझ्या कानात सांगितलं गेलं, कारण गाणं माझ्यासाठी होतं. नाव पल्लवी. मला कुणाला सांगायचं ते न कळल्यामुळं मी गप्प राहिलो, तेव्हा सगळ्याच खोळंबल्या.

वाडीवर मला आता कुणी सायेब म्हणत नाही. "कंपनी आली," "कंपनीला ताक द्या," असं चालतं.

१ मार्च

कामाचा व्याप वाढला आहे. या पंधरवड्यात कंपनीला दोन जावळं, एक साखरपुडा आणि देवळातली रविवारची ओवी एवढ्या ठिकाणी हजर राहावं लागलं. शिवाय योगायोग असे की दर वेळी वाटेवरच काहीतरी काम निघतं. इस्लामपुरातून मंडप आणा, कुणाच्या तरी मुलीला सांगलीच्या दवाखान्यातून घेऊन या, बोकड तेवढा मागं चढवा. बोकडानं सीटचं कव्हर खाल्लं.

राजेश्वरी म्हणाली, "तुम्ही कंपनी काढलीय का नोकरी धरलीय?"

मी तिला म्हणालो, घरी कंटाळा येत असेल तर तूही चल. ती लगेच चप्पल घालून तयार. बरोबर भाकरी आणि ठेचाही बांधलेला होता, म्हणजे तिचं आधीच ठरलं होतं. येताना मी म्हणालो, आज बनाबाईनं माझ्यावर ओवी रचली, ऐकलीस ना? "कंपनी आली गाडीत गं, बोकड बसला मांडीवर, कंपनीचं ध्यान गाण्यात गं, गाडी रुतली वढ्यावर." राजेश्वरी सगळा रस्ताभर हसत होती. आपल्या नवऱ्याचं नाव ओवीत आलं याचा बाईमाणसाला आनंद होणारच.

नाश्त्याच्या वेळी ती म्हणाली की मी बाथरूममध्ये ओव्या म्हणतो. मी कंपनीच्या मालाची तपासणी करत असतो.

८ मार्च

हे फार दिवस चालणार नाही, म्हणून आज पाठपुरावा केला. सांगलीच्या एका वकिलांकडून 'कंपनी आपणास सर्व बंधनांतून मुक्त करीत आहे' असं पत्र करून घेतलं आणि वाडीवर नेलं. बनाबाई घोंगड्याला गाठी मारत बसली होती.

"ह्ये कुनाला लिवलंय?"

"तुम्हाला."

"शपथ काय माज्याम्होरं घेतली हुती व्हय? द्येवाम्होरं घेतली. द्येवाला वाचाया येत असंल तर ठेवा तितं."

"मग सुटका कशी व्हायची?"

तिनं घोंगड्याची गाठ दातानं ओढून घट्ट केली. "कंपनी हाय तवर शपथ हाय. कंपनी मेली तर सुटली."

बिराप्पा शेजारीच होता. त्यानं काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तर बनाबाईनं त्याच्याकडं नुसतं बघितलं आणि तो ढोलाच्या दोऱ्या आवळायला लागला. भावजयीचा धाक आहे त्याला. मग ती मला म्हणाली, "आलाच हायसा तर बसा. गाऊन तरी घेते." मी बसलो. रविवारी राहिलेला भाग होता, बिरोबा मेंढरं घेऊन डोंगर उतरतो तो. मला उशीर झाला आणि कशासाठी आलो होतो ते परत येताना मिरज गेल्यावर आठवलं.

१९ मार्च

आज फार मोठी गोष्ट घडली. पुण्याच्या एका बड्या म्युझिक कंपनीचे जयराज नावाचे साहेब इस्लामपूरला आले. वय माझ्या मुलाएवढं, पांढरे बूट, चहा बिनसाखरेचा. त्यांना 'गोडवा' विकत हवी आहे. नाव, गाणी आणि बनाबाई. ६ एप्रिलला, म्हणजे वाडीच्या यात्रेच्या आदल्या दिवशी, सांगलीत सह्या करू म्हणाले.

व्यवहार करताना माल कसा आहे ते सांगणं माझी जुनी सवय. मी शपथेचं सगळं सांगितलं आणि विचारलं, "तुम्ही यायचं कसं करणार? बसायला?"

"कुठं?"

"सगळीकडं. पहिलीच यात्रा चैत्रात आहे. तिथं तिला बिरोबाचा जन्म गावा लागतो. कंपनी समोर बसली नाही तर गाणार नाही."

त्यांना आधी हसू आलं. मग ते पुढं सरकून बसले. "म्हणजे आमच्याशिवाय ती कुठंच गाणार नाही? तेही कागदावर सही न करता?"

"नाही."

"काका, हे तर उत्तम आहे. यात्रेत गायली की पन्नास जण मोबाईलवर घेणार, मग आमचं कोण ऐकणार? दोन-तीन वर्षं गप्प राहिली तर मागणी वाढते."

"आणि तुम्ही रेकॉर्डिंग कधी करणार?"

"बघू. असे बरेच आवाज आमच्याकडं करारात आहेत. सगळेच काही लगेच काढत नाही."

हे मी कारखानदारीत बघितलेलं आहे. दुसऱ्याला मिळू नये म्हणून उसाची नोंद घ्यायची आणि तोडणीची टोळीच पाठवायची नाही. ऊस रानात उभा राहतो, तुऱ्यात येतो आणि आतून पोकळ होतो. व्यवहार म्हणून त्यांचं चुकीचं काही नाही. मीही वरिष्ठांच्या सांगण्यावरून दोनदा तसं केलेलं आहे. मी हो म्हणालो.

टपरीवर सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुण्याची कंपनी आपल्या माणसाची कंपनी घेते, हे काही लहान नाही.

२२ मार्च

राजेश्वरी बोलत नाही. मी विचारलं, आता दर रविवारी धूळ खात जायला नको, तुला आनंद नाही का झाला? ती म्हणाली, "तुम्हाला झालाय का?" आणि कणीक मळायला गेली.

मला झाला आहे. लिहून ठेवतो, म्हणजे विसरायला नको.

२ एप्रिल

बनाबाईला सांगायला गेलो. फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण कंपनीचा कलाकार आहे, समोर जाऊन सांगणं बरं. तिनं ऐकून घेतलं.

"त्यो येनार का, बसाया?"

"नाही."

"यात्रंला?"

"सह्या आदल्या दिवशी आहेत. त्यानंतर कंपनी त्यांची."

"तुमी बसला तर?"

"मी आता कंपनी नसणार."

ती हातातली सुई खाली ठेवून समोरच्या डोंगराकडं बघत राहिली. मला वाटलं रागावेल, शिव्या देईल. मी उत्तरं तयार करून नेली होती. पण ती एवढंच म्हणाली, "बरं. शबूद कंपनीला दिलाय. कंपनी जाईल तितं त्यो जायाचा." मग सुनेला हाक मारून मला ताक द्यायला सांगितलं. मी ताक प्यायलो.

मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. अहवालात अशा गोष्टी लिहायची पद्धत नव्हती, पण हा अहवाल माझा आहे.

७ एप्रिल

काल सांगलीत सह्या होत्या. मी वेळेत निघालो होतो. राजेश्वरीही गाडीत बसली होती, बाजार करायचा म्हणून. सांगलीच्या पुलावर आलो तेव्हा ती खिडकीबाहेर बघत काहीतरी गुणगुणत होती. ऐकलं तर बिरोबाच्या आईची ओवी. मधली ओळ तिला येत नव्हती. मी सांगितली. तिनं पुढची म्हटली, त्याच्या पुढची मी. सह्या ज्या हॉटेलात होत्या ते कधी मागं पडलं ते समजलं नाही, असं लिहिलं तर खोटं होईल. मला समजलं होतं. मी गाडी थांबवली नाही, थेट वाडी गाठली.

जयराज साहेबांचे फोन येत राहिले. शेवटचा घेतला. ते म्हणाले, काका, तुम्ही काय घालवताय ते तुम्हाला माहीत नाही. मी म्हणालो, बरोबर आहे.

यात्रा आज. ऊन मी म्हणत होतं, देवळासमोर पाय ठेवायला जागा नव्हती आणि मधल्या मोकळ्या जागेत माझं घोंगडं टाकलेलं होतं. बनाबाई ढोलांजवळ हात बांधून बसली होती. मी घोंगड्यावर गेलो पण बसलो नाही. पुजाऱ्याकडून भंडारा घेतला आणि देवाकडं तोंड करून मोठ्यानं सांगितलं, "गोडवा कंपनी आजपासून बंद. विकली नाही, कुणाला दिली नाही. बंद."

मागून कुणीतरी विचारलं, "दिवाळं निघालं व्हय?"

"असंच समजा," मी म्हणालो.

बनाबाई उठली. मला वाटलं काहीतरी बोलेल, निदान भंडारा तरी लावेल. ती माझ्याकडं पाठ करून देवाकडं वळली आणि तिनं पहिली ओळ उचलली. इतकी वरून उचलली की बिराप्पाचा ढोल एक ठोका चुकला. मग तोच मला म्हणाला, "पावनं, जरा बाजूला सरा. ढोल फिरवाया जागा लागती."

इतके दिवस मी तिथं मधोमध बसत होतो. बाजूला सरलो तो गर्दीत मागं मागं ढकलला गेलो आणि एका उंच माणसाच्या फेट्यामागं उभा राहिलो. तिचा चेहरा एकदाही दिसला नाही. पन्नास काय, पाचशे मोबाईल वर झालेले होते. बिरोबाचा जन्म तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत गायला, एकही कडवं न गाळता. तिला आता माझ्याकडं बघायची गरज उरली नव्हती आणि मला त्याचा त्रास झाला, हेही इथं लिहून ठेवतो.

१२ एप्रिल

ऋषिराजला सांगितलं की कार्डात भरलेलं सगळं गाणं आहे तसं टाकून दे, कुणी घेतलं तर घेऊ दे. तो म्हणाला, "मामा, एवढं मोठं कोण ऐकणार?" मी म्हणालो, एक जण तरी ऐकेल.

टपरीवरची खुर्ची गेली. पुन्हा बाकावर बसतो. हरकत नाही, खुर्चीचा एक पाय आखूडच होता.

२० एप्रिल

आज रविवार. सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, गाडीची चावी हातात घेऊन बाहेर आलो आणि ओट्यावर उभा राहिलो. आपल्याला कुणी बोलावलेलं नाही हे तेव्हा लक्षात आलं. ना फोन, ना निरोप, ना मिरजेहून आणायचं काही सामान. परत आत जावं म्हणून वळलो तर राजेश्वरी गाडीत पुढच्या सीटवर बसलेली. मांडीवर भाकरीचा डबा. मी गाडी सुरू केली.

वाडीवर पोचलो तर देवळात ओवीची तयारी चालली होती. बिराप्पा ढोल घेऊन पायरीवर होता. मला बघून त्यानं पान पुढं केलं आणि जरा अवघडून म्हणाला, "सायेब, त्यवडी कंपनी बुडवायाची काय गरज न्हवती. ज्याला शबूद दिला त्यानं द्येवाम्होरं एक नारळ फोडून 'सुटलीस' म्हनायचं. झालं. पयल्याच दिशी मी सांगाया बघत हुतो. मग वयनी म्हनल्या, गप ऱ्हा."

"गप का?"

"म्हनल्या, लोक येत्यात, जेवत्यात, बोलत बसत्यात. ह्यो पयला मानूस बगितला, शेवटपत्तोर उठत न्हाई."

मी यावर पुष्कळ विचार केला. एका नारळानं भागणारं काम होतं तर बनाबाईनं मला एवढ्या फेऱ्या का घालायला लावल्या आणि शेवटापर्यंत उठत नाही यात विशेष काय, मला अजून उमगलेलं नाही. राजेश्वरीला सांगितलं तर तिनं माझा हात दाबला. तिलाही उमगलं नसावं.

तेवढ्यात बनाबाई आली. मला बघून दारातच थांबली.

"आता कशापायी आलासा? कंपनी तर मेली."

मी नेहमीप्रमाणं काहीतरी कामाचं कारण सांगायला तोंड उघडलं आणि मला एकही कारण सापडलं नाही.

"ऐकायला," मी म्हणालो.

तिनं मला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं. "मग मागं बसा. म्होरं लेकरं बसत्यात."

राजेश्वरीला बायकांनी हात धरून पुढं नेलं. मी मागं, काढून ठेवलेल्या चपलांशेजारी बसलो. बनाबाईनं पदर खोचला, घसा साफ केला आणि मान उंच करून विचारलं, "मागं ऐकू येतंय का?"

विचारलं सगळ्यांनाच होतं. "येतंय," असं मी एकट्यानंच म्हटलं.